रहस्यकथेतील पापनिवेदन : चेस्टरटन आणि त्यांचे फादर ब्राऊन

रहस्यकथेला साहित्याच्या दरबारात मानाचे आसन सहसा मिळत नाही. प्रवासात वेळ जावा म्हणून किंवा आजारपणात मन रमावे म्हणून ती वाचावयाची आणि वाचून झाली की दुसऱ्याच्या हाती सोपवावयाची, असा तिचा लौकिक आहे. मराठीत बाबूराव अर्नाळकरांच्या झुंझार आणि काळा पहाड यांनी कित्येकांची झोप उडविली; तथापि वाङ्मयाच्या चर्चेत त्यांचा उल्लेख होतो तो ओझरता. आपल्या ख्रिस्ती घरांतून तर या कथांकडे अधिकच साशंकतेने पाहिले जाते. खून, दरोडा, विषप्रयोग यांनी भरलेले पुस्तक मुलांच्या हाती द्यावे काय, असे पालक धर्मगुरूंना विचारतात. प्रश्न रास्त आहे आणि त्याची बोळवण करणे आम्हांस योग्य वाटत नाही.

या प्रश्नाला आम्ही येथे एका लेखकाच्या उदाहरणाने उत्तर देऊ इच्छितो. गिल्बर्ट कीथ चेस्टरटन (1874–1936) हे ते लेखक. त्यांचा नायक फादर ब्राऊन हा कॅथलिक धर्मगुरू आहे, एवढ्यावरून आम्ही ही निवड केलेली नाही. रहस्यकथेचा वाचक 'गुन्हेगार कोण?' असे विचारीत पाने उलटतो. चेस्टरटन यांची उत्तम कथा संपते तेव्हा मात्र 'त्याच्या जागी मी असतो तर?' हा प्रश्न वाचकापुढे उभा असतो. हा पालट कसा घडला आणि कोठे फसला, हे पाहण्यासारखे आहे. त्यासाठी त्यांच्या आधीचे सर आर्थर कॉनन डॉइल आणि त्यांच्या मागून आलेले मॉन्सिन्यॉर रोनाल्ड नॉक्स, या दोघांना सोबत घेतले पाहिजे. तिघांच्याही आयुष्यात ख्रिस्तसभेचे दार एकदा तरी उघडले वा मिटले, आणि त्याचा पडसाद त्यांच्या कथांत उमटला.

डॉइल यांचा जन्म 1859 साली एडिंबरो येथे आयरिश वंशाच्या कॅथलिक कुटुंबात झाला. जेझुइट धर्मगुरूंच्या स्टोनीहर्स्ट विद्यालयात ते शिकले, पुढे डॉक्टर झाले आणि तरुणपणीच त्यांनी कॅथलिक श्रद्धा सोडली. शेरलॉक होम्स प्रथम अवतरला तो 1887 मध्ये एका छोट्या कादंबरीत. पण त्याला घराघरांत पोहोचविले लघुकथेने. 1891 च्या जुलै महिन्यापासून 'द स्ट्रँड मॅगझिन' या मासिकात होम्सच्या कथा येऊ लागल्या. नायक प्रत्येक वेळी तोच, मात्र कथा त्या त्या अंकात पूर्ण होणारी, ही कल्पना डॉइल यांची. क्रमशः कादंबरीचा एक अंक चुकला की वाचकाचा धागा तुटे. येथे ती भीती राहिली नाही. 1893 मध्ये डॉइल यांनी कंटाळून होम्सचा अंत केला, परंतु वाचकांच्या आग्रहापुढे त्यांना नमावे लागले. 1927 पर्यंत होम्सच्या 56 लघुकथा आणि 4 कादंबऱ्या झाल्या. आजची रहस्यकथा ज्या पायावर उभी आहे तो पाया मुख्यतः हाच.

होम्सची दृष्टी बाहेरून आत जाणारी आहे. बुटावरचा चिखल, सिगारची राख, बाहीवरचा घासल्याचा डाग यांवरून तो माणूस वाचतो. क्वचित त्याला दयाही येते. 'द ब्लू कार्बंकल' या नाताळच्या दिवसांतील कथेत तो चोराला सोडून देतो. पण एरवी माणूस त्याच्यासाठी सोडवावयाचे कोडे असतो आणि कोडे सुटले की त्या माणसातील त्याचे स्वारस्य संपते. या बुद्धिनिष्ठ नायकाच्या निर्मात्याची स्वतःची कहाणी मात्र विलक्षण आहे. उत्तरायुष्यात डॉइल मृतात्म्यांशी संभाषण करण्याच्या पंथाचे प्रचारक झाले. दोन मुलींनी काढलेली पऱ्यांची छायाचित्रे खरी मानून 1922 मध्ये त्यांनी त्यांवर पुस्तकही लिहिले. ती छायाचित्रे कागदी चित्रे कापून रचलेली होती, ही कबुली त्या मुलींनी वृद्धापकाळी, 1983 मध्ये दिली.

त्याच 1922 च्या जुलै महिन्याच्या 30 तारखेला, लंडनजवळच्या बीकन्सफील्ड गावी, चेस्टरटन कॅथलिक झाले. गावात तेव्हा कॅथलिक चर्च नव्हते; रेल्वे हॉटेलच्या आवारातील पत्र्याच्या छपराची एक शेड प्रार्थनागृह म्हणून वापरात होती, तेथे हा विधी झाला. तो करण्यासाठी यॉर्कशायरहून फादर जॉन ओ'कॉनर मुद्दाम आले होते, आणि फादर ब्राऊनचे मूळ याच धर्मगुरूंत होते.

चेस्टरटन आणि ओ'कॉनर यांची भेट 1904 च्या सुमारास यॉर्कशायरमधील कीघली या गावी झाली. आयर्लंडमध्ये जन्मलेले ओ'कॉनर तेव्हा तेथे साहाय्यक धर्मगुरू होते. चेस्टरटन यांनी आपल्या आत्मचरित्रात हकीकत दिली आहे ती अशी : माळरानावरून दोघे चालत असता, गुन्हे व दुराचार यांविषयी आपण काय लिहिणार आहोत हे चेस्टरटन यांनी सांगितले. त्यावर त्या शांत धर्मगुरूने अशा काही गोष्टी त्यांच्या कानी घातल्या की, माणसाच्या अधःपाताची एवढी खोल माहिती या मनुष्याला असेल अशी कल्पनाही त्यांनी केली नव्हती. पुढे ते ज्या घरी पोहोचले तेथे केंब्रिजचे दोन विद्यार्थी होते. धर्मगुरू खोलीबाहेर जाताच त्यांपैकी एकाने शेरा मारला, की मठाच्या भिंतीआड राहून जगातील पापाविषयी अजाण असणे हे ठीक, पण त्याला मोठेपण कसले! ज्या माणसाने आपल्याला नुकतेच हादरवून सोडले त्याच्याविषयी हे उद्‌गार ऐकून चेस्टरटन यांना हसू आवरेना. जगाला भोळा वाटणारा आणि जगाला पुरता ओळखणारा धर्मगुरू, ही विसंगती त्यांच्या मनात रुजली. ओ'कॉनर प्रत्यक्षात चतुर आणि व्यवस्थित गृहस्थ होते; बुटकेपणा, गोल चेहरा, सांभाळता न येणारी छत्री आणि कागदी पुडकी ही सजावट चेस्टरटन यांची.

पहिली कथा 'द ब्लू क्रॉस' 1910 मध्ये प्रसिद्ध झाली. 1911 मध्ये 'द इनोसन्स ऑफ फादर ब्राऊन' आणि 1914 मध्ये 'द विज्डम ऑफ फादर ब्राऊन' हे प्रत्येकी 12 कथांचे संग्रह आले. त्यानंतर खंड पडला. 1914 च्या अखेरीस चेस्टरटन मोठ्या आजाराने अंथरुणाला खिळले. 1918 मध्ये त्यांचे धाकटे बंधू सेसिल युद्धसेवेत असताना फ्रान्समधील इस्पितळात निवर्तले. बंधूंच्या पत्राचा वारसा पुढे चालविण्यासाठी त्यांनी 1925 मध्ये 'जी. केज वीकली' हे साप्ताहिक काढले आणि त्याचा तोटा भरून काढण्याचे काम फादर ब्राऊनच्या अंगावर पडले. उरलेले तीन संग्रह 1926, 1927 आणि 1935 मधील. पाचही संग्रह मिळून सुमारे 50 कथा होतात. यांतील पहिल्या 24 कथा लिहिल्या गेल्या तेव्हा चेस्टरटन कॅथलिक नव्हते. मानसपुत्र ज्या उंबरठ्याच्या आत आधीच होता, त्या उंबरठ्यापर्यंत पोहोचावयास पित्याला आणखी काही वर्षे लागली.

आता फादर ब्राऊनची रीत पाहू. 'द ब्लू क्रॉस'मध्ये फ्लॅम्बो हा नामांकित चोर धर्मगुरूचा वेष घेऊन त्याच्यासोबत प्रवास करतो. हा खरा धर्मगुरू नव्हे, हे फादर ब्राऊनने कशावरून ओळखावे? बोलण्याच्या ओघात तो चोर मानवी बुद्धीची निंदा करतो, आणि बुद्धीची निंदा हे भ्रष्ट ईशज्ञान होय, असे फादर ब्राऊन त्याला सांगतो. सेमिनरीत संत थॉमस अक्वायनस यांच्या विचारावर पोसलेल्या कोणालाही ही खूण पटेल : श्रद्धा बुद्धीच्या पलीकडे जाते, तिच्या विरुद्ध जात नाही. 1926 च्या संग्रहाचे नावच 'द इनक्रेड्युलिटी ऑफ फादर ब्राऊन', म्हणजे फादर ब्राऊनचा अविश्वास, असे आहे. त्या कथांत शाप, भुते, गूढ शक्ती यांवर भोवतालची सुशिक्षित मंडळी चटकन विश्वास ठेवतात आणि एकटा धर्मगुरू तेवढा शंका घेत राहतो. ज्याचा चमत्कारावर खरा विश्वास आहे तोच खोटा चमत्कार सर्वांत आधी ओळखतो, हा त्यांतील बोध आहे. डॉइल यांच्या पऱ्या आठवल्या म्हणजे त्याची धार कळते.

परंतु खरी किल्ली 1927 च्या 'द सीक्रेट ऑफ फादर ब्राऊन' या संग्रहात आहे. एक अमेरिकन गृहस्थ त्याला त्याच्या यशाचे रहस्य विचारतो. ते सर्व खून आपणच केले, असे उत्तर देऊन फादर ब्राऊन त्याला चकित करतो. अर्थ असा, की खुनी मनुष्याला बाहेरून न्याहाळण्याऐवजी तो त्याच्या आत शिरतो. ज्या मनःस्थितीत आपल्याही हातून तेच कृत्य घडले असते त्या मनःस्थितीपर्यंत तो स्वतःला नेतो, आणि तेथे पोहोचला की गुन्हेगार त्याला सापडतो. पापनिवेदनापूर्वी आपण जे आत्मपरीक्षण करतो, त्याचेच हे रहस्यकथेतील रूप आहे. होम्सला गुन्हेगार परका असतो. फादर ब्राऊनला तो भाऊ असतो.

येथे एक खुलासा करणे धर्मगुरू या नात्याने आम्हांस भाग आहे. पापनिवेदनात ऐकलेले गुपित कोणत्याही कारणास्तव उघड करण्यास धर्मगुरूला ख्रिस्तसभेच्या कायद्याने सक्त मनाई आहे. 1953 चा आल्फ्रेड हिचकॉक यांचा 'आय कन्फेस' हा चित्रपट याच पेचावर उभा आहे. फादर ब्राऊन अमुक एकाचे पापनिवेदन वापरून गुन्हा उकलतो असा काहींचा समज असतो, तो बरोबर नाही. वर्षानुवर्षे पापनिवेदनासनावर बसून मानवी मन कसे घसरते याचे जे सामान्य ज्ञान जमते, ते त्याच्या उपयोगी पडते. 'द हॅमर ऑफ गॉड' या कथेत तो दोषी माणसाला एकांतात गाठतो, घडलेले सर्व सांगतो आणि मग निर्णय त्याच्यावर सोपवितो. आपण स्वतः वाच्यता करणार नाही, असे वचनही देतो. दोषी कोण हे आम्ही येथे सांगत नाही. पण 'तुम्हाला हे कसे कळले?' या त्याच्या प्रश्नाला मिळणारे उत्तर महत्त्वाचे आहे : मीही मनुष्य आहे आणि माझ्याही हृदयात तेच सैतान आहेत, असा त्याचा आशय आहे. बेड्या ठोकण्यापेक्षा माणूस परत मिळविणे हा या सत्यशोधनाचा हेतू.

फ्लॅम्बोची कहाणी याची साक्ष आहे. पहिल्या कथेत तो पकडला जातो. 'द क्वीअर फीट'मध्ये श्रीमंतांच्या मेजवानीतील चांदीची सुरीकाटे तो लांबवितो. मेजवानीचा काळा पोशाख आणि वाढप्याचा काळा पोशाख यांत दिसावयास फरक नसतो. श्रीमंत वाढप्याच्या चेहऱ्याकडे पाहत नाहीत आणि वाढपी श्रीमंताच्या चेहऱ्याकडे पाहण्यास धजत नाहीत, या एका गोष्टीवर सारी चोरी बेतलेली आहे. समाजाचे एवढे नेमके निदान गंभीर म्हणविणाऱ्या कथांतही विरळा. फादर ब्राऊन चांदी परत आणतो आणि चोराला अदृश्य गळ व दोरी यांनी बांधून मोकळा सोडतो. ही गळाची प्रतिमा पुढे ईव्हलिन वॉ यांनी 1945 मधील 'ब्राइड्सहेड रिव्हिजिटेड' या कादंबरीत देवाच्या कृपेसाठी योजिली. शेवटी 'द फ्लाइंग स्टार्स'मध्ये, नाताळच्या दुसऱ्या दिवशी रात्री, झाडावर लपलेल्या फ्लॅम्बोशी फादर ब्राऊन खालून बोलतो. पापात एका पातळीवर थांबता येत नाही, ती वाट उतरतच जाते, असे तो त्याला समजावतो. झाडावरून हिरे खाली पडतात आणि तो चोर पुढे त्याचा मित्र व सहकारी होतो. तीन कथांत मिळून एका माणसाचे परिवर्तन दाखविण्याची ही योजना लघुकथेच्या लहान अंगणात फार मोठी आहे.

आमच्या मते या सर्व कथांचा कळस 'द चीफ मोर्नर ऑफ मार्न' होय. एक उमराव द्वंद्वयुद्धात आप्ताचा जीव घेतल्याच्या दुःखाने वर्षानुवर्षे एकांतात राहतो. झाले ते झाले, आम्ही त्याला केव्हाच क्षमा केली आहे, धर्मगुरूंनीच त्याला पश्चात्तापात कोंडून ठेवले आहे, असे त्याचे जुने मित्र म्हणतात. मग खरी घटना बाहेर येते. ते सरळ द्वंद्वयुद्ध नव्हते; तो भ्याड विश्वासघात होता. क्षणापूर्वी उदारपणे क्षमा करणारी तीच मंडळी शहारतात आणि त्या माणसाकडे पाठ फिरवितात. तेव्हा फादर ब्राऊन जे बोलतो त्याचा आशय असा : जे तुम्हाला मुळात पाप वाटतच नाही त्याचीच तुम्ही क्षमा करता, ज्याची खरोखर क्षमा करता येत नाही, त्याच्याजवळ जाणे आम्हा धर्मगुरूंकडे राहते. रहस्य उलगडले की रहस्यकथा संपते, असा संकेत आहे. येथे रहस्य उलगडल्यावर कथेचा खरा प्रश्न सुरू होतो.

यानंतर नॉक्स. 1888 मध्ये जन्मलेले रोनाल्ड नॉक्स हे मँचेस्टरच्या अँग्लिकन बिशपांचे पुत्र. ईटन आणि ऑक्सफर्ड येथे शिकून ते अँग्लिकन धर्मगुरू झाले. 1917 मध्ये ते कॅथलिक झाले आणि 1919 मध्ये त्यांना गुरुदीक्षा मिळाली. 1926 ते 1939 ते ऑक्सफर्डच्या कॅथलिक विद्यार्थ्यांचे चॅपलेन होते आणि त्या काळात, मिळकतीला हातभार म्हणून, त्यांनी रहस्यकादंबऱ्या लिहिल्या. 'सॉल्व्ह्ड बाय इन्स्पेक्शन' ही त्यांची लघुकथा अजूनही संग्रहांतून भेटते. भरपूर अन्न जवळ असताना एक मनुष्य उपासमारीने मरतो, हे तिचे कोडे. रहस्यकथेच्या 10 आज्ञा हे त्यांचे कार्य मात्र सर्वतोमुखी झाले. 1928 च्या निवडक कथांच्या संग्रहाला लिहिलेल्या प्रस्तावनेत त्यांनी त्या दिल्या : गुन्हेगार कथेच्या आरंभीच वाचकाला भेटला पाहिजे, दैवी वा अतिमानवी उपाय वापरू नयेत, गुप्त खोली एकाहून अधिक असू नये, अज्ञात विष नको, सापडलेला दुवा वाचकापासून लपवू नये, इत्यादी. लेखकाने वाचकाशी प्रामाणिक राहावे हे त्यांचे सार. 1930 मध्ये लंडनच्या रहस्यकथाकारांनी 'डिटेक्शन क्लब' स्थापिला तेव्हा पहिले अध्यक्ष चेस्टरटन झाले आणि नॉक्स त्याचे सदस्य होते.

नॉक्स यांची सातवी आज्ञा अशी, की शोध घेणाऱ्याने स्वतः गुन्हा केलेला नसावा. फादर ब्राऊनने तर सर्व गुन्हे आपणच केल्याचे सांगितलेले! या विनोदात दोघांतील अंतर सामावले आहे. नॉक्स धर्मगुरू होते, आणि रहस्यकथा त्यांच्या लेखी नियमांनी बांधलेला एक निर्मळ खेळ होता. चेस्टरटन प्रापंचिक गृहस्थ होते, आणि त्यांनी त्या खेळातून धर्मोपदेशकाचे काम साधले. 1937 मध्ये नॉक्स यांची शेवटची रहस्यकादंबरी निघाली. ती आपल्या स्नेही लेडी अ‍ॅक्टन यांनी जहाजावरून समुद्रात भिरकावून दिली, अशी आख्यायिका आहे. त्यानंतर अ‍ॅक्टन कुटुंबाच्याच घरी राहून नॉक्स यांनी संपूर्ण बायबलचे लॅटिन वल्गेटवरून एकट्याने इंग्रजी भाषांतर केले. नवा करार 1945 मध्ये आणि जुना करार 1949 मध्ये प्रसिद्ध झाला. या त्यागाविषयी आम्हांस आदर वाटतो. पण साहित्य म्हणून तोलावयाचे तर नॉक्स यांची कोडी सुटली की विसरली जातात आणि चेस्टरटन यांची सुटल्यावर छळू लागतात.

म्हणून चेस्टरटन यांचे दोष झाकावे असे नाही. नॉक्स यांच्या कसोटीला त्यांच्या अनेक कथा उतरत नाहीत. पोलिसांचा तपास नावापुरता, वेळापत्रक सैल, योगायोग विपुल. त्यांनी कलाशाळेत चित्रकलेचे शिक्षण घेतले होते. सूर्यास्त, बर्फ, बागा यांचे रंग ते इतके दाट भरतात की काही वेळा माणसे त्यांत बुडून जातात. विरोधाभासाची हौसही अनावर. 1935 चा संग्रह वाचताना साप्ताहिकाची निकड कथांच्या मानगुटीवर बसल्याचे जाणवते.

याहून गंभीर दोष दुसरा आहे आणि तो भारतीय वाचकाने तरी नजरेआड करता कामा नये. 1911 च्या संग्रहातील 'द राँग शेप' या कथेत एका इंग्रज कवीच्या घरी एक भारतीय जादूगार राहत असतो. फादर ब्राऊन त्या घरातील पौर्वात्य खंजीर पाहून त्याचा आकारच दुष्ट असल्याचे सांगतो, आणि त्या भारतीयाच्या निरिच्छपणात देवही नको नि पापाची कबुलीही नको असा अहंकार तो वाचतो. खून त्या भारतीयाने केलेला नसतो, हे खरे. तरी आपली अख्खी संस्कृती मात्र पुराव्यावाचून दोषी ठरते. ज्यू आणि कृष्णवर्णी माणसांविषयीही चेस्टरटन यांनी अनुचित लिहिले आहे. 2019 मध्ये नॉर्दॅम्प्टनचे बिशप पीटर डॉइल यांनी चेस्टरटन यांच्या संतपदाची प्रक्रिया सुरू न करण्याचा निर्णय कळविला, त्यामागील कारणांत ज्यूविरोधाचा प्रश्नही होता. उलट नॉक्स यांच्या पाचव्या आज्ञेने कथेत चिनी मनुष्य आणण्यास बंदी केली होती. स्वस्त थरारकथांत तो आयता खलनायक असे. ती सोयच त्यांनी काढून घेतली. या एका बाबतीत खेळाचा नियम धर्मचिंतकाहून शहाणा ठरला.

न्यायासाठी दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. 1909 मध्ये 'द इलस्ट्रेटेड लंडन न्यूज'मधील एका लेखात चेस्टरटन यांनी भारतीय राष्ट्रवाद पुरेसा भारतीय नाही, तो इंग्रजांचीच नक्कल मागतो, अशी टीका केली होती. तो लेख लंडनमध्ये असलेल्या गांधीजींच्या वाचनात आला आणि त्याची त्यांनी आवर्जून दखल घेतली. त्याच वर्षी त्यांनी 'हिंद स्वराज' लिहिले. भारताने भारतच राहावे असे म्हणणारी लेखणी, भारतीय मनुष्य कथेत आला की त्याच्या आत शिरत नाही. खुन्याच्या अंतःकरणात उतरणाऱ्या फादर ब्राऊनला त्या जादूगाराच्या अंतःकरणात उतरणे जमले नाही. याच इंग्लंडचे फादर थॉमस स्टीफन्स तीन शतकांपूर्वी गोव्यात आले, त्यांनी आपली भाषा आत्मसात केली आणि 1616 मध्ये 'ख्रिस्तपुराण' दिले. परक्याला जाणून घ्यावयाचे तर त्याच्या भाषेत राहावे लागते. चेस्टरटन यांना भारत दुरून दिसला, आणि दुरून पाहिलेल्या माणसाचे पापनिवेदन ऐकता येत नाही. त्यांचीच कसोटी त्यांना लावली तर निर्णय असाच द्यावा लागतो. पण ती कसोटी त्यांनीच आम्हांला दिली, हेही मान्य केले पाहिजे.

आज फादर ब्राऊन अनेकांना पडद्यावर प्रथम भेटतो. 1954 च्या चित्रपटात ही भूमिका अ‍ॅलेक गिनेस यांनी केली. चित्रीकरणाच्या काळात, धर्मगुरूच्या वेषात फ्रान्समधील एका गावातून जात असता, एका अनोळखी लहान मुलाने विश्वासाने त्यांचा हात धरला आणि बोलत बोलत तो काही अंतर त्यांच्यासोबत चालला. एका झग्यावर एवढा विश्वास, हे त्यांच्या मनाला लागून राहिले. 1956 मध्ये ते कॅथलिक झाले. 2013 पासून बीबीसीने सादर केलेल्या मालिकेत कथा 1950 च्या दशकातील खेड्यात नेल्या आहेत. करमणूक म्हणून ती ठीक. मात्र मूळ कथांतील अंतर्मुखता तीत पातळ झाली आहे. कथा मुळातून वाचण्याला पर्याय नाही.

तेव्हा पालकांच्या प्रश्नाकडे वळू. रहस्यकथा मुलांच्या हाती द्यावी काय? गुन्ह्याचे वर्णन आहे म्हणून पुस्तक वाईट ठरत असेल तर काईन आणि हाबेल, दावीद आणि उरिया यांच्या कथा कोठे ठेवावयाच्या? दावीदाला नाथानाने गोष्ट सांगितली, दावीद त्या गोष्टीतील अपराध्यावर संतापला, आणि तो अपराधी तूच आहेस असे संदेष्ट्याने त्याला सांगितले. दुसऱ्याच्या दोषाची चव घेत बसण्याची सवय जी कथा लावते ती अपायकारक; मग तीत रक्ताचा थेंबही का नसेना. चावडीवर, लग्नघरी, चर्चच्या आवारातही ती चव घेतली जाते, आणि त्यासाठी पुस्तक लागत नाही. जी कथा संतापलेल्या वाचकाचे बोट हळूच त्याच्याकडे वळविते, ती मोठ्या मुलांनी वाचावी आणि आईवडिलांनीही वाचावी.

आरंभ 'द ब्लू क्रॉस', 'द क्वीअर फीट' आणि 'द फ्लाइंग स्टार्स' या तीन कथांनी, याच क्रमाने, करावा. 'द राँग शेप' मुलांसोबत बसून वाचावी आणि तिच्यावर वाद घालावा. 'द चीफ मोर्नर ऑफ मार्न' ही कथा प्रौढांनी उपवासकाळासाठी राखून ठेवावी. ती वाचून झाल्यावर, ज्या एका माणसाला आपण क्षमा करणे शक्य नाही असे आपण ठरवून टाकले आहे, त्याचे नाव ज्याच्या त्याच्या मनात आपोआप येईल. त्यापुढचे काम लेखकाचे नाही.